गूळ दिला, हे नोंदवून घ्यावं

मुलांनो, कायद्याचं अख्खं पुस्तक मी वाचलेलं आहे. अख्खं म्हणजे चणेवाल्यानं पुड्या बांधून उरलं होतं तेवढं. त्यात इजा आणि भरपाई ही दोन प्रकरणं बरी शाबूत होती, फक्त भरपाईवर तेलाचा डाग पडला होता. तेव्हा मांडी घालून बसा आणि मध्ये शंका काढू नका. माझं शिक्षण शंका यायच्या आधीच संपलं.

तर एका जंगलात ढवळी नावाची शेळी राहायची, आणि त्याच जंगलात एका मोठ्या वडाच्या ढोलीत शोणितराव नावाचं रक्तपिशाच्च राहायचं. रक्तपिशाच्च म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल तर मोठे व्हा, भाड्यानं घर घ्या, कळेल.

शोणितराव खानदानी. बोलावल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायचे नाहीत. श्रावणात एके दिवशी, सूर्य मावळल्यावर, ते ढवळीच्या दारात येऊन उभे राहिले. ढवळी पडली संस्कारी. दारात आलेल्याला ताटकळत कसं ठेवायचं? म्हणाली, "या, बसा." गूळपाणी पुढे केलं. शोणितराव आत आले, बसले, गूळ बाजूला सारला आणि ढवळीच्या मानेला चावले.

तेव्हापासून ढवळीला ऊन सोसेना. उन्हात पाऊल टाकलं की कातडी भाजायची. शेळीला वर पुढचे दात नसतात. हिला चांगले दोन आले, टोकदार. रक्ताची मात्र तिला शिसारी. भूक लागायची ती गवताचीच, आणि गवत सगळं उन्हात. रात्री चरायला जावं तर वाघ. कळप दिवसभर चरायचा आणि ही गोठ्यात बसून वाळायची. दिवाळीपर्यंत नुसता सांगाडा उरला.

जंगलात सावलीतलं कुरण एकच, शोणितरावांच्या वडाखालचं. शंभर शेळ्या चरतील एवढं. शोणितराव गवत खात नसत, पण दुसऱ्यानं खाल्लेलं त्यांना बघवत नसे.

ढवळीनं दावा लावला. "हे मला चावले, म्हणून मला ऊन सोसत नाही. तर यांच्या सावलीत मला चरू द्यावं." एवढंच मागणं. नाहीतर मरण.

न्यायमूर्ती होते गवा. प्रतिवादींची प्रकृती उन्हाला नाजूक, म्हणून त्यांनी कोर्ट खास दिवेलागणीला भरवलं.

शोणितरावांचे वकील नखाते. नखाते महिन्यातले एकोणतीस दिवस माणूस असत आणि पौर्णिमेला लांडगा. वकिली तीसही दिवस चालू. एका पौर्णिमेला भर कोर्टात त्यांना केस फुटले आणि त्यांनी पट्टेवाल्या वानराच्या पोटरीचा लचका तोडला. वानरानंही दावा लावला होता. निकाल लागला की चावला तो लांडगा, वकीलपत्र माणसाच्या नावावर, आणि लांडग्याला समन्स पौर्णिमेलाच बजावता येईल. त्या निकालापासून पौर्णिमेला कोर्टाला सुट्टी असते.

नखाते उठले. "बाई, तुम्ही प्रतिवादींना 'या' म्हणालात?"

"म्हणाले."

"'बसा' म्हणालात?"

"मग काय म्हणायचं, वकीलसाहेब? चालते व्हा?"

"गूळ दिलात?"

"दिला."

"गूळ दिला, हे नोंदवून घ्यावं," नखाते म्हणाले. "म्हणजे संमती होतीच, वर प्रोत्साहनही होतं."

गवासाहेबांनी रवंथ थांबवला. एखादी गोष्ट पटली की ते थांबवत.

"बरं, घरात लसूण होता?" नखात्यांनी विचारलं. लसणाच्या वासानं शोणितराव पार ओढ्यापलीकडे पळतात, हे जंगलातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"चातुर्मास होता. आमच्या कळपात तेव्हा कांदा-लसूण घरात ठेवत नाहीत."

"म्हणजे रक्तपिशाच्चाच्या शेजारी राहायचं आणि लसूण बाळगायचा नाही. याला कायद्यात निष्काळजीपणा म्हणतात."

हे चातुर्मासाचं काम बघायचे कळपाचे पुढारी धर्मोजी बोकड. दरसाल ते टोपली घेऊन घरोघर फिरत आणि लसणाची शेवटची पाकळीसुद्धा गोळा करून नेत. ती टोपली पुढे कुठे जाते, हे कुणी विचारलं नाही. धर्मोजींना कधी कुणी चावलं मात्र नाही.

ढवळीनं त्यांनाच साक्षीला बोलावलं. बिचारीला वाटलं, आपला माणूस आहे.

"धर्मोजीकाका, माझ्या घरातला लसूण कुणी नेला?"

धर्मोजींनी दाढी कुरवाळली. "नेला म्हणजे, तू दिलास म्हणून नेला. सक्ती कुणावर नव्हती."

"कमळीनं दिला नाही तेव्हा?"

"तेव्हा तिला वाळीत टाकली. पण सक्ती केली नाही."

"काका, तुमच्या तोंडाला वास कसला येतोय?"

"हा प्रश्न दाव्याशी संबंधित नाही," नखाते म्हणाले. शोणितराव तोवर रुमाल नाकाला लावून दाराशी जाऊन उभे राहिले होते. गवासाहेबही जरा मागे सरकले आणि प्रश्न नामंजूर केला.

मग निकाल. "चावणं शाबीत आहे. दातही शाबीत आहेत. परंतु वादीनं आपण होऊन बोलावलं, आपण होऊन गूळ दिला, आपण होऊन लसूण देऊन टाकला. सगळं वादीनंच केल्यावर प्रतिवादींना करायला चावण्यापलीकडे उरलंच काय होतं? दावा फेटाळला."

"मग मी खाऊ काय?" ढवळी म्हणाली.

"वरच्या कोर्टात जा. ते डोंगरावरच्या उघड्या कातळावर भरतं. भर दुपारी."

"मला ऊन सोसत नाही, म्हणून तर आले. यांच्यासाठी तुम्ही दिवेलागणीला बसलात, तसं वरच्या कोर्टालाही—"

"ती सवलत चावणाऱ्याला असते, बाई. तुमच्यावर चावल्याचा काही आरोप आहे का?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणून गवासाहेब उठले आणि रवंथ करत घरी गेले.

तात्पर्य : मुलांनो, आल्यागेल्याला गूळपाणी द्यावं, व्रतं पाळावीत, पुढाऱ्यांचं ऐकावं, म्हणजे चावणाऱ्यांची गैरसोय होत नाही. ज्याला चावता येतं त्याच्या बाजूनं कायदा असतो. ज्याला चावलं जातं त्यानं बोध घ्यायचा असतो.

हा बोध मी ढवळीलाही मुद्दाम जाऊन सांगितला. म्हटलं, पोरीच्या पदरात काहीतरी पडावं. ती गोठ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आजोबा, चावता तर आता मलाही येतं. सुरुवात कुणापासून करू, कायदा सांगणाऱ्यापासून की बोध सांगणाऱ्यापासून?"