निळा गोल

माझ्या दहा महिन्यांच्या लेकीच्या पाठीवर करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग आहे. तो वाढतोय असं वाटलं, म्हणून तिला कडेवर घेऊन मी रुग्णालयाच्या त्वचा विभागात गेले. तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी भिंगातून अर्धं मिनिट पाहिलं. "जन्मखूण आहे गं. बाळ वाढतंय, तशी तीही वाढतेय."

हे मत मात्र आता अधिकृत धरलं जात नव्हतं. विभागात नवं यंत्र आलं होतं. ते सुई न टोचता, नुसत्या उजेडाने कातडी पारखून तीन सेकंदांत निकाल द्यायचं. त्या तीन सेकंदांसाठी आम्ही अडीच तास बसलो, कारण वाचलेल्या वेळेची नोंद करण्याचा अर्ज चार पानी होता.

परिचारिकेने डागाभोवती निळ्या पेनाने गोल काढला. जागा चुकू नये म्हणून तसा नियम होता. उजेड पडला, लेक खुदकन हसली आणि पडद्यावर अक्षरं आली : गंभीर, सत्त्याण्णव टक्के.

कागद घेऊन मी दाराबाहेर डोकावले. बाकावर बसलेल्या सातही जणांच्या कागदावर सत्त्याण्णव टक्केच होते. त्यात एका आजोबांना फक्त डास चावला होता.

यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने मला समजावलं. यंत्र विभागातल्या जुन्या फोटोंवर शिकलं होतं आणि त्या काळी डॉक्टरीणबाई फक्त संशयास्पद डागालाच गोल करायच्या.

"म्हणजे हे डाग बघतच नाही? गोल बघतं?"

"पण अचूक बघतं, ताई. आजवर एकही गोल सुटलेला नाही."

मी म्हटलं, गोल पुसून बघा. गोलाशिवाय तपासणी नियमात बसत नव्हती. तो नियमाची प्रत शोधायला वळला, तेवढ्यात लेकीची लाळ पुसायच्या ओल्या फडक्याने मी गोल पुसला आणि बटण दाबलं. निर्धोक, नव्व्याण्णव टक्के.

एकाच डागाचे दोन निकाल आले, म्हणून विभागाच्या साहेबांनी खुलासा मागवला : मधल्या काळात कोणता उपचार झाला? तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे लिहिलं : ओलं फडकं, एक वेळ. पूर्ण गुण आला.

बाहेर बाकावरच्यांनी मला घेरलं. फडकं कुठलं, किती वेळ चोळायचं, उपाशीपोटी का. मी गोलाचं सांगत राहिले. आजोबा म्हणाले, "पोरी, स्वतःचं काम झालं की सगळे असंच बोलतात."

घरी लेक दूध पिता पिता झोपली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. निर्धोक असा कागद हातात पडला, तेव्हा मात्र रडले होते.

तो कागद मी कपाटात जपून ठेवलाय. फडकंही धुतलेलं नाही. हसू नका, अंगावरचा एखादा डाग तुम्हालाही आठवलाच असेल. फडकं साधंच आहे, माझ्या जुन्या ओढणीचं. पुसायचं मात्र डावीकडून उजवीकडे.