कासारवेढ्याच्या पुलाची बदली

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कासारवेढ्याच्या रेल्वे उड्डाणपुलाची बदली मोहरवाडीला झाली. आदेशात कारण 'प्रशासकीय' एवढंच दिलं होतं. तीस जूनपर्यंत कार्यमुक्त होऊन पुलाने सात दिवसांत नव्या ठिकाणी रुजू व्हायचं होतं.

मी तेव्हा जिल्ह्याच्या बांधकाम कार्यालयात वाहतूक नियोजनाचं काम पाहत होते. तीन वर्षं परदेशात हाच विषय शिकून आले होते आणि या जिल्ह्यातल्या माणसांचा रस्त्यावर फुकट जाणारा वेळ परत मिळवून द्यायचा, असं ठरवून नोकरीला लागले होते. कासारवेढ्याच्या पुलावरून दिवसाला नऊ हजार वाहनं जात. तो येण्याआधी तिथलं रेल्वे फाटक दिवसातून अडतीस वेळा बंद व्हायचं. आदेश माझ्या टेबलावर 'माहितीसाठी' म्हणून आला. तो घेऊन मी भाऊसाहेब पेठकरांकडे गेले. भाऊसाहेब आस्थापना शाखेचे. जिल्ह्यातल्या एकशे बारा पुलांची सेवापुस्तकं त्यांच्या कपाटात असतात.

"भाऊसाहेब, हा पूल उत्तम काम करतोय."

"म्हणूनच झाली असंल."

त्यांनी सेवापुस्तक काढलं. "नऊ वर्षं झाली एका जागी. नियम तीनचा आहे, मॅडम. शिवाय एक निनावी अर्ज आलाय. दोन्ही बाजूंशी याचे जवळचे संबंध आहेत म्हणून."

"तो पूल आहे."

"अर्जदाराचं तेच म्हणणंय."

"मोहरवाडीत रेल्वे आहे का?"

"नाही."

"नदी?"

"ओढा होता. बुजवला."

"मग पुलाने ओलांडायचं काय?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ते नंतर मंजूर होईल. आधी पूल, मग रेल्वे. आधी रेल्वे आली आणि पूल नसला तर केवढा खोळंबा होईल, तुम्हीच सांगा. तुम्ही तेच शिकून आलात ना?"

मोहरवाडीत मंत्र्यांच्या भाच्याचं कृषी पर्यटन केंद्र होतं. पाहुण्यांना सूर्यास्त बघायला उंच जागा नाही, असं निवेदन केंद्राने फेब्रुवारीत दिलं होतं. ते फाइलमध्येच लावलेलं होतं, लपवलेलं नव्हतं. आमच्या कार्यालयात लपवण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

त्याच दुपारी तात्या म्हस्के भेटायला आले. तात्या एस. टी.चे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसला जावं लागे. ते राहायचे रुळाच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे.

"मॅडम, मशीनवर माझी वेळ आठ ते बारा," ते म्हणाले. "बाराला दुसरा माणूस. आता समजा फाटकात मी पाऊण तास अडकलो, तर तो पाऊण तास माझ्या रक्तातून कापतात, दुसऱ्याच्या नाही. पूल व्हायच्या आधी आमच्या आळीतला दत्तू असाच गेला. दर वेळी थोडा थोडा कापला त्याला."

"मी बघते, तात्या."

"बघा. तिथं नसलेल्या रेल्वेवरून नसलेली माणसं नेणार तो. इथली असलेली आहेत अजून, एवढं सांगा त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी पुलाशी बोलायला गेले. तो कामावर होता, त्यामुळे वाहनं जात असतानाच बोलावं लागलं. मी त्याच्या तिसऱ्या खांबाशी उभी राहिले.

"तुमची इच्छा काय आहे?"

"माझी इच्छा कुठल्या रकान्यात येत नाही," पूल म्हणाला. त्याचा आवाज जड होता, पण तक्रारीचा नव्हता. "तरी विचारलंत म्हणून सांगतो. मला रिकामं उभं राहता येत नाही. वर वजन नसलं की सांधे धरतात."

भाऊसाहेबांनी वाट दाखवली होती, ती मी त्याच्यापुढे ठेवली. शेजारच्या तालुक्यातला एक पूल सहा वर्षं वैद्यकीय रजेवर होता. त्याला मधोमध भेग होती. त्याच्यावरून सायकलही जात नसे, आणि वैद्यकीय कारण असल्यामुळे त्याची बदलीही होत नसे. देखभालीचा निधी त्याला दरवर्षी वेळेवर मिळे. "एक भेग दाखवली की झालं," असं भाऊसाहेब म्हणाले होते. "मोठी नको. कागदापुरती."

"मला भेग नाही," पूल म्हणाला.

"माहीत आहे."

"मग नसलेली कशी दाखवू? उद्या कुणी खरंच तपासायला आलं तर?"

"कुणी येणार नाही."

"तेही माहीत आहे," पूल म्हणाला. "पण नाही."

मला त्याचा अभिमान वाटला. मी घरी जाऊन बदल्यांचं धोरण पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मला तसंच शिकवलं होतं. व्यवस्था वाईट नसते, तिचे नियम नीट वाचलेले नसतात, असं आमचे प्राध्यापक सांगत, आणि त्यांच्या देशात ते खरंही होतं. एकतिसाव्या पानावर मला हवं ते सापडलं. पती-पत्नी एकत्रीकरण. दोघंही शासकीय सेवेत असतील, तर त्यांना शक्यतो एकत्र ठेवावं.

पूल अविवाहित होता.

पुलाच्या उताराजवळ पाणीपुरवठा खात्याची उंच टाकी होती. एकतीस वर्षांची सेवा, सहा खांब, रोज सकाळी साडेपाच ते नऊ सगळ्या गावाला पाणी. मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. आत पाणी चढत असल्याचा आवाज येत होता.

"एकतीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही," ती म्हणाली. "पातळी किती, एवढंच."

"तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"जबरदस्ती कसली. चांगला आहे तो. नऊ वर्षं बघतेय. हॉर्न वाजवणाऱ्यांनासुद्धा उलटून बोलला नाही कधी. त्याला विचारलंत का?"

पुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "दुपारी चारला तिची सावली माझ्या उतारावर येते. तेवढा वेळ डांबर थंड राहतं." मी ते संमती म्हणून लिहून घेतलं.

लग्नाची नोटीस तीस दिवसांची होती. कर्तव्यावर असताना दोघांनाही मुख्यालय सोडता येत नव्हतं, म्हणून विवाह नोंदणी अधिकारी सोनटक्के स्वतः आले. टाकीने लग्न दुपारी ठेवायला सांगितलं, कारण सकाळी ती भरलेली असे आणि फार बोलता येत नसे. सोनटक्क्यांनी वयाचे दाखले मागितले. पुलाच्या लोकार्पणाची कोनशिला चालली. टाकीच्या कोनशिलेवर फक्त तेव्हाच्या सभापतींचं नाव होतं, तारीख नव्हती.

"तारीख नसेल तर अवघड आहे," सोनटक्के म्हणाले.

"साहेब, बाईंना वय विचारू नये," तात्या म्हणाले. "त्यांचं पाणी पिऊन तुमची दाढी पांढरी झाली. आणखी कुठला दाखला पाहिजे?"

सोनटक्क्यांनी दाढीला हात लावला आणि शेरा लिहिला, 'सज्ञान असल्याचे दिसून येते.' साक्षीदार म्हणून तात्यांनी सही केली, दुसरी मी केली. रेल्वेच्या गेटमनने पेढे वाटले. पूल झाल्यापासून त्याला काम नव्हतं आणि तो सगळ्यांच्या लग्नाला जायचा.

प्रमाणपत्र जोडून मी पुलातर्फे अर्ज केला. छापील नमुना होता, त्यात मजकूर ठरलेला होता. पतीचे नाव, पत्नीचे नाव, दोघांची खाती, आणि खाली 'आम्हां उभयतांस एकत्र ठेवण्यात यावे, ही विनंती.' मी प्रत्येक रकाना काळजीपूर्वक भरला. भाऊसाहेबांनी पोच दिली, तेव्हा ते कागदाकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

"काही राहिलं का?" मी विचारलं.

"छे. नमुन्याप्रमाणे आहे," ते म्हणाले.

त्यानंतर मी तात्यांना जाऊन सांगितलं, की काम झालं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना त्यांनी रिक्षा पुलावर हळू घ्यायला सांगितली आणि कठड्याला हात लावून नमस्कार केला.

निर्णय चार दिवसांत आला. आमच्या कार्यालयात इतक्या लवकर निर्णय आलेला मी तोवर पाहिला नव्हता. पती-पत्नी एकत्रीकरण धोरणानुसार अर्जदाराची विनंती पूर्णतः मान्य करण्यात आली होती. अर्जदाराच्या पत्नीचीही बदली मोहरवाडीला करण्यात आली होती.

पाणीपुरवठा खात्याची संमती सोबतच होती. त्या खात्याकडून एक मोटर बदलून घ्यायला गावाला चौदा महिने लागले होते. पण कृषी पर्यटन केंद्रात पोहण्याचा तलाव झाला होता आणि तो कोरडा होता.

मी कार्यकारी अभियंता गव्हाणे साहेबांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला.

"सर, मी त्यांना इथं एकत्र ठेवायला सांगितलं होतं."

"अर्जात 'इथं' आहे का?" त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

"नमुन्यात ठिकाणाचा रकाना नाही."

"नाहीच. शासनाला संसाराशी मतलब, ठिकाणाशी नाही." ते प्रसन्न होते. "मॅडम, अहो, इतकी वर्षं नोकरी केली, पण एखाद्या पुलाच्या घरगुती अडचणीचा कुणी विचार केला नव्हता. तुम्ही बाहेर शिकून आलात, त्याचा हा फायदा. वरून कौतुकाचं पत्र येतंय तुम्हाला."

"गावाला आता पूलही नाही आणि पाणीही नाही."

"दोन्हींचे प्रस्ताव पाठवा ना. नवीन पुलाचा आणि नवीन टाकीचा. वेगवेगळे पाठवा. एकात घातलेत तर दोन्ही अडकतील."

बाहेर आल्यावर मी भाऊसाहेबांसमोर उभी राहिले. "तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, काही राहिलं का. नमुन्यातलं काही राहिलं नव्हतं." त्यांनी पुलाचं सेवापुस्तक दोरीने बांधलं. "आणि मॅडम, मी बोललो असतो तर तुम्ही 'इथं' लिहिलं असतं. मग विनंती अमान्य झाली असती आणि तो एकटाच गेला असता. त्याचा संसार तरी झाला."

तीस जूनला सकाळचं पाणी सोडून टाकी रिकामी झाली आणि दोघं कार्यमुक्त झाली. निरोपाला शाल मागवली होती, ती कुठल्याच खांबाला पुरली नाही, म्हणून कार्यकारी अभियंत्यांनाच घातली. साडेदहाला पूल रुळावरून बाजूला झाला. टाकी त्याच्या मागे, डाव्या अंगाने. वाटेत दोन घाट होते. महामार्गावर दोघांना मिळून चारही मार्गिका लागत होत्या, त्यामुळे मागे अकरा किलोमीटर रांग लागली. वाहतूक सुरळीत करण्यासाठी उभारलेल्या पुलामुळे एवढी कोंडी याआधी झाली नव्हती, आणि ती मोजायचं काम माझ्याकडे होतं. जाताना पूल माझ्यापाशी थांबला.

"रागावू नका स्वतःवर," तो म्हणाला. "तुम्ही विचारायला आलात."

टाकी म्हणाली, "नळ उघडे ठेवू नका म्हणावं. हवा भरते."

मोहरवाडीला ती दोघं वेळेत रुजू झाली. पुलाच्या दोन्ही टोकांना द्राक्षाची बाग आहे. संध्याकाळी पाहुणे वर चढतात, सूर्यास्त बघतात आणि त्याच बाजूने उतरतात. टाकी रोज तलाव भरते. पुलाचे सांधे धरू लागले आहेत, असं भाऊसाहेबांच्या वहीत आलं आहे.

कासारवेढ्यात गेटमन पुन्हा कामाला लागला. फाटक आता दिवसातून एक्केचाळीस वेळा बंद होतं. गावाला टँकरने पाणी येतं.

जुलैच्या शेवटी माझ्याकडून एक तक्ता भरून मागवण्यात आला. पुलाच्या बदलीमुळे नागरिकांची काही गैरसोय झाली असल्यास तपशील, नावासह. मी वही घेऊन सकाळी साडेसातला फाटकावर गेले. फाटक बंद होतं. तात्यांची रिक्षा रांगेत सातवी होती. ते मागच्या सीटवर पाय सोडून बसले होते आणि त्यांच्या पावलांना सूज होती. मी शेजारी उभी राहिले. एक मालगाडी गेली. फाटक उघडलं नाही, कारण दुसऱ्या बाजूने आणखी एक येत होती. तीही गेली. आठ वाजून गेले.

"तात्या, तुम्हाला किती उशीर होतोय, ते लिहून घेते. नाव घालते तुमचं."

"मला कुठं उशीर होतोय?" तात्या म्हणाले.

"आठची वेळ ना तुमची?"

"मशीनला पाणी लागतं, मॅडम. एका माणसाला शंभर-सव्वाशे लिटर. दवाखान्याची टाकी रोज टँकरवर भरते." त्यांनी अंगठ्याने मागे दाखवलं. त्यांच्या रिक्षामागे एक जीपगाडी होती आणि तिच्या मागे टँकर उभा होता. त्याच्या झाकणातून पाणी ठिबकत होतं. "तो पोचल्याशिवाय मशीन चालू होत नाही. आणि तो माझ्या मागं आहे. मी दर वेळी वेळेआधी पोचतो आता."

मी रांगेत पुढून मागे गेले आणि परत आले. टँकर खरंच त्यांच्या मागे होता.

मग मी वही उघडली, तारीख घातली आणि गैरसोयीच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. तात्यांनी साक्षीदार म्हणून सही केली.