हैबतीच्या वाडीचे कान

पुण्याचे कानाचे डॉक्टर वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाडीत चालत आले, ते ज्ञानूचं काम बघायला. वर्षभर तो त्यांच्याकडे ऐकण्याची तपासणी शिकत होता. आज वाडीतली माणसं त्याने नीट तपासली, तर पुढचं शिकायला ते त्याला मुंबईला धाडणार होते.

हे कळल्यापासून त्याच्या बापाला, हैबतीला, चैन नव्हतं. आदल्या दिवशीच त्याने घरोघर फिरून एकेकाला समोर बसवून बजावलं, "पोरानं इचारलं, ऐकू येतंय का, की व्हय म्हनायचं."

ज्ञानू दोन पायांचा पोलादी काटा गुडघ्यावर आपटायचा आणि तो घुमू लागला की एकेकाच्या कानाशी धरायचा. जो तो "व्हय" म्हणत गेला. म्हातारा रायबा तर काटा वाजायच्या आधीच "व्हय" म्हणून मोकळा झाला.

"सगळ्यांचे कान सशाचे," डॉक्टर हसले. "मग शिकून तू इथं करणार काय?"

हे ऐकून हैबतीने डोकं चालवलं. सगळेच ऐकणारे निघाले, तर पोराला काम कसलं? तो माणसांच्या पाठीमागून वाकत गेला आणि प्रत्येकाच्या कानाशी कुजबुजला. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं, तर दुसऱ्या फेरीत वाडी ठार बहिरी झाली. डॉक्टरांनी चिमाजीला मागून हळूच विचारलं, चहा झाला का?

"न्हाई जी. चहाचंबी ऐकू येत न्हाई."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं ज्ञानूला झालं. शेवटी उरली त्याची थोरली चुलती धोंडाबाई. तिला गर्व झालाय, हाकेला ओ देत नाही, म्हणून घरात तिच्याशी कोणी फारसं बोलत नसे.

"व्हय," ती हसून म्हणाली.

हैबती मागून कुजबुजला, मग चांगला खेकसला.

"व्हय व्हय," धोंडाबाई म्हणाली.

ज्ञानू थबकला. सगळ्या वाडीने शब्द फिरवला होता. काकी तेवढी कालच्याच शब्दावर होती, कारण काल समोरून सांगितलेलं तिने ओठांवरून ओळखलं होतं, आजचा पाठीमागचा हुकूम तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याने काटा पुन्हा वाजवला आणि त्याचा दांडा तिच्या कानामागच्या हाडावर टेकवला.

धोंडाबाई दचकली. तिचे डोळे भरून आले.

"मगा तुज्या बापासाठी म्हनत व्हते," ती म्हणाली. "आता खरंच वाजतंय."

हाडातून ऐकू येतंय म्हणजे आतला कान शाबूत आहे, इलाज होईल, असं डॉक्टर म्हणाले. काकींना घेऊन पुण्याला ये, आणि मुंबईच्या तयारीला लाग, असंही त्यांनी ज्ञानूला सांगितलं.

धोंडाबाईची सून चंद्राबाई ओशाळून पुढे आली. सासूच्या कानाशी तोंड नेऊन ती डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, जेवला का?"

"न्हाई गं," धोंडाबाई म्हणाली. "कुनी हाकच मारली न्हाई."