छतापर्यंत लाळ

"पाणी कुठूनही गळू दे, मी भिंतीला नुसता हात लावून सांगतो!" असं प्लंबर जावईबापू छाती ठोकून सांगत, आणि बऱ्याचदा ते खरंही निघे. फक्त सासूबाईंनी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. नळ बिघडला की त्या बाहेरचा माणूस बोलवत आणि वर म्हणत, "घरच्या माणसाला कशाला त्रास!" त्यातला टोमणा जावईबापूंना बरोबर बोचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंच्या तोंडून साधं 'शाब्बास' काही ऐकायला मिळालं नव्हतं.

त्यामुळे परवा त्यांचा स्वतःहून फोन आला, तेव्हा जावईबापू जेवणाचं ताट सरकवून उठले.

"बैठकीच्या खोलीत ओल आलीय हो. छतालासुद्धा!"

इकडे सासूबाईंची वेगळीच धांदल. धाकटा मुलगा कामासाठी परगावी जाताना आपला सेंट बर्नार्ड आईकडे ठेवून गेला होता. वासराएवढा कुत्रा, आणि नाव लाडोबा! जावईबापू कुत्र्याला घाबरतात हे लेकीनं आईच्या कानावर घातलं होतं. वर "मी सांगितलं असं म्हणू नकोस हं" अशी तंबीही दिली होती. जावयाची लाज राखायची म्हणून बेल वाजताच सासूबाईंनी लाडोबाला झोपायच्या खोलीत लोटलं. तो लाळ गाळतो हे त्यांना ठाऊक होतंच, म्हणून तर त्याच्या गळ्यात टॉवेल बांधलेला. पण लाळ पडली तर खाली पडेल, छताला कशाला जाईल?

जावईबापूंनी सोबत आणलेली शिडी बैठकीत उभी केली आणि भिंतीला हात लावला. बोटं चोळून पाहिली. चिकट! त्यांचे डोळे चमकले. ओल पसरलेली नव्हती, ठिपक्याठिपक्यांनी उडालेली होती. ठिपक्यांना शेपट्या होत्या, आणि छतावरून एक लांब तार लोंबत होती.

"आई, पाणी असं वागताना मी जन्मात पाहिलं नाही! शेजारची खोली बघू?"

"थांबा, थांबा! पसारा आहे!" सासूबाई आत पळाल्या आणि लाडोबाला पलीकडच्या दारानं स्वयंपाकघरात ढकलून आल्या.

झोपायच्या खोलीत कपाटाच्या आरशावर थेंब ओघळत होते. "इथे तर ताजं आहे!"

मग जावईबापू स्वयंपाकघराकडे वळले. लाडोबाची रवानगी बैठकीत झाली. स्वयंपाकघरात भिंतीवरचं घड्याळ ओलं! ते धावत बैठकीकडे निघाले, तर सासूबाई दारात आडव्या. मागून कसलीशी खुडबुड. जरा वेळानं आत सोडलं, तर मघाशी कोरडा असलेला टीव्ही आता चिकट!

"आई, गळती माझ्यापुढे पळतेय!" जावईबापू हरखून म्हणाले. इतकी हुशार गळती त्यांना आजवर भेटली नव्हती. "कळलं! वरच्यांचं बाथरूम. साबणाचं पाणी आहे, म्हणून चिकट!"

त्यांनी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. ते नेमके अंघोळीला बसले होते. डोक्याला फेस, कमरेला टॉवेल अशा अवतारात त्यांनी दार उघडलं.

"अहो, पाणी गेलं!"

"मीच घालवलं. सरका!"

डॉक्टर नाही नाही म्हणेपर्यंत छिन्नी बसली होती. एक फरशी निघाली, दुसरी निघाली. खाली सगळं ठणठणीत कोरडं! जावईबापूंनी तिसरीला हात घातला तसे डॉक्टर कडाडले, "आधी मला तुमची ती गळती दाखवा!"

डॉक्टर फेसासकट खाली आले. छतावरची तार त्यांनी दोन बोटांत धरली आणि ताणून पाहिली.

"ही लाळ आहे."

"डॉक्टर, चेष्टा करू नका."

"माझं उभं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं! मला लाळ कळू नये?"

"एवढी? पण कुणाची?"

दोघांनीही सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता!" सासूबाई उसळल्या आणि त्यांनी झोपायच्या खोलीचं दार सताड उघडलं.

लाडोबा डुलत बाहेर आला. जावईबापू एका उडीत शिडीवर! लाडोबानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मायेनं मान झाडली. कान फडफडले, ओठ फडफडले, आणि एक लांबलचक तार भिरभिरत थेट जावईबापूंच्या कपाळावर येऊन चिकटली. पण कुतूहल काही गप्प बसेना. ते एक पायरी उतरले.

"ह्याचं एवढं गळतं का हो?"

डॉक्टरांनी लाडोबाचा ओठ उचलून दाखवला. "ओठ बघा किती सैल! आलेली लाळ तोंडात थांबतच नाही. मास्टिफ, ब्लडहाउंड, लोंबत्या ओठांच्या सगळ्या जातींचं हेच."

"म्हणजे वॉशरच ढिला!" जावईबापू आणखी एक पायरी उतरले. त्यांनी श्वास रोखून लाडोबाच्या ओठाला बोट लावलं. तळहात भरून लाळ आली. "आई! गळती सापडली!"

"शाब्बास!" मागून सासूबाईंचा आवाज आला.

जावईबापूंचा ऊर भरून आला. डोळे पुसत ते वळले. सासूबाई लाडोबाची मान खाजवत होत्या.

"शाब्बास रे माझ्या राजा! एवढी ठोकाठोक झाली, पण तू एकदासुद्धा भुंकला नाहीस! आणि जावईबापू, डॉक्टरांच्या फरश्या बसवायला मी बाहेरचा माणूस बोलावते हं. घरच्या माणसाला कशाला त्रास!"