सलामभाईचं आरमार

सन दोन हजार सतरा. मी बहात्तर वर्षांचा, चौथी नापास, पण कोणापुढे मान न वाकवणारा. आर्णीजवळ माझ्या वावराला लागून सलामभाईचं वावर. नेव्हीतून रिटायर झालेला हा माणूस भरदिवसा कापसाच्या पऱ्हाटीत पोटावर सरपटायचा.

त्या साली गुलाबी अळीनं कापूस पोखरला होता. बोंड वरून हिरवंगार, आत अळी.

सलामभाई मला म्हणे, "चाचा, ही अळी म्हणजे पाणबुडी हाय. एकट्याले नाही सापडत!"

म्हणून त्यानं वावरात आरमारच उभं केलं. मचाणावर दुर्बीण घेतलेला गडी, ते विमान. पाखरं कुठे टोचून राह्यली ते पाहून त्यानं शिट्टी मारायची. किडकी बोंडं तोडत ओळीनं चालणाऱ्या बाया, ती जहाजं. खालून सरपटणारा स्वतः सलामभाई, ती आपली पाणबुडी.

"जहाजाले दूरचं दिसत नाही. म्हणून त्याच्यावरून हेलिकॉप्टर उडते, पाणबुडीचा आवाज ऐकाले दोरीनं पाण्यात कान सोडते."

"विहिरीत बादली सोडल्यासारखा?"

"बराबर! वरचा, मधला, खालचा मिळून लढले तवा नेव्ही."

"अन् खालचा काय सांगते?"

"खालचा ऐकते. बोलत नाही. बोलला का सापडला."

"कप्तान, जहाजाले चहा कवा भेटन?" बाया ओरडायच्या.

सलामभाईचं बूड एका जागी टिकत नसे. सरपटे, उठे, मोबाइल काढून पाहे, पुन्हा आडवा. त्याचा इम्रानही नेव्हीत. पोराचा फोन काहून येत नाही विचारलं तर म्हणे, "ड्यूटी."

एक दिवस मचाणावरचा गडी पळाला.

"चाचा, तुम्ही चढा. नुसती शिट्टी मारा."

"मी काय पाखरं हाकलणारं पोट्टं हावो? मेलो तरी चढत नाही!"

त्या सांजेला बाया घरी गेल्या, तरी हा बाहेर निघेना. हाका मारल्या. ओ नाही. साप चावला का काय म्हणून धावलो. दोन ओळींच्या मधात पालथा पडलेला, मोबाइल मुठीत.

"तोंड नाही का तुले? जीव गेलता माझा!"

"इम्रान पाणबुडीवर हाय, चाचा. खाली गेला तवापासून आवाज नाही. म्हटलं, पाहू, खाली कसं वाटते त्याले." मातीकडेच पाहत म्हणाला, "वरून शिट्टी आली का बरं वाटते. आज तेही नव्हती."

त्याच्या पाठीवरची माती झटकली अन् घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया यायच्या आधी, धोतर खोचून मचाणावर चढलो. खाली पऱ्हाटी एका जागी हलत होती. पाखरू एकही नव्हतं. तरी शिट्टी मारली.