घरात रणगाडा एकच

जॅनिस हॅलमने अर्ज भरला, खाली क्लाइव्हच्या नावाने सही ठोकली आणि क्लबच्या सेक्रेटरीच्या दारात तो टाकूनही आली. नवऱ्याला तिने हे सांगितलं ते नंतर, बटाटे सोलता सोलता. क्लबला चाळीस वर्षं होत होती, त्यानिमित्त शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मोठं प्रदर्शन होतं, आणि ‘सर्वांत दीर्घ सेवा केलेलं वाहन’ असं एक बक्षीस ठेवलं होतं.

“तुझ्याशिवाय कोणाला मिळणार ते?” जॅनिस म्हणाली. “पस्तीस वर्षं एकच रणगाडा. मी मॉरीनलाही बोलावलंय.”

बस डेपोतून निवृत्त झालेला बासष्ट वर्षांचा क्लाइव्ह आयुष्यात बायकोशी एकाच बाबतीत खोटं वागला होता, आणि ती बाब नेमकी हीच होती.

नॉटिंगहॅममध्ये टेबलावर बोटभर शिपाई मांडून, फासे टाकून आणि टेपने अंतरं मोजून लढाया खेळणाऱ्या क्लबवाल्यांना कोणी वेडं म्हणत नाही. निदान तोंडावर तरी नाही. जॅनिसनेही लग्नानंतर शिपाई चालवून घेतले होते. पण १९८९ साली क्लाइव्हने डिओडरंटच्या रिकाम्या डबीला खोकल्याच्या औषधाची झाकणं आणि बॉलपेनची नळी चिकटवून पहिला रणगाडा केला, त्याला हिरवा रंग देऊन बाजूला पांढऱ्या रंगात चौदा आकडा घातला, तेव्हा तिने तो तळहातावर घेऊन पाहिला आणि नियम घालून दिला. घरात रणगाडा एकच. क्लाइव्हने शब्द दिला.

शब्द त्याने पाळलाही, आपल्या पद्धतीने. पाच वर्षांनी दुकानात प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचे खरेखुरे रणगाडे आले. क्लाइव्हने एक घेतला, हुबेहूब तोच हिरवा रंग दिला, बाजूला तोच चौदा घातला आणि काचेच्या कपाटात जुन्याच्या जागी ठेवून दिला. जुना गेला सेक्रेटरी ट्रेव्हर ओल्डरशॉच्या गॅरेजमध्ये. घरात एकच! पुढे शिशाच्या तोफेचा आला, तो इतका जड की टेबलावर ठेवला की पलीकडचे शिपाई आडवे होत. मग रेझिन नावाच्या ओतीव प्लास्टिकचा आला, त्याची वाकडी तोफ गरम पाण्यात धरून सरळ करावी लागली. तो इतका उंच होता की टेबलावरच्या पडक्या घरांमागे लपेना, तेव्हा क्लबने घरंच उंच बांधली. तीन वर्षांपूर्वीचा पाचवा तर बुटांच्या खोक्याएवढा होता. त्याच्यासाठी कपाटातली एक काचेची फळी काढावी लागली, आणि क्लाइव्हने ती तडकल्याचं सांगितलं. प्रत्येक वेळी रंग तोच, आकडा तोच.

जॅनिस दर आठवड्याला कपाट पुसायची आणि कधी अवाक्षर काढत नव्हती. बायकांचं या गोष्टींकडे लक्ष नसतं, असा क्लाइव्हने निष्कर्ष काढला होता आणि त्यावर तो निश्चिंत होता.

पण आता त्याची पंचाईत झाली ती मॉरीनमुळे. मॉरीन ही जॅनिसची थोरली बहीण. तिचा नवरा दर दोन-चार वर्षांनी सहलीसाठी गाडीमागे जोडायचा नवा कॅरॅव्हॅन घेई, आणि जॅनिस तिला दर नाताळात ऐकवी की आमच्याकडे एकच रणगाडा आहे बाई, आणि तो पुरतो. बहिणीसमोर जॅनिसची मान खाली जाणार, तीही आपल्यामुळे, या विचाराने क्लाइव्हला जेवण जाईना.

तो ट्रेव्हरकडे गेला. ट्रेव्हर चांगला मित्र होता, पण सेक्रेटरी त्याहून चांगला होता. प्रदर्शनात ‘रणगाडे कसे वाढले’ अशी एक रांगच लावायची होती आणि त्यासाठी त्याने गॅरेजमधले क्लाइव्हचेच चार रणगाडे काढून ठेवले होते.

“ते मांडू नकोस,” क्लाइव्ह म्हणाला.

“कार्डं छापून झाली.”

“अरे, माझं घर मोडेल.”

“मग कार्डावर नाव नाही घालत. ‘एका सभासदाकडून’ असं लिहितो, चौदा आकडा भिंतीकडे फिरवतो. पण डबीचा रणगाडा हवाच. तसा आता कोणाकडे उरलाय?”

घरी परतताना क्लाइव्हला युक्ती सुचली, आणि ती सुचली तेव्हा तो स्वतःवरच खूश झाला. लोक घराला मजले चढवतात, म्हणून घर बदलतं का? आपणही सांगायचं की मूळ रणगाडा आतच आहे, त्याच्यावरच हे सगळं वाढवत नेलं. फक्त मूळ रणगाडा आत असायला हवा. गॅरेजची किल्ली त्याच्याकडे असायचीच. मंगळवारी ट्रेव्हर बाहेर गेला असताना त्याने डबीचा रणगाडा उचलला. जॅनिस गाण्याच्या तालमीला गेल्यावर त्याने स्वयंपाकघरात पाचव्या रणगाड्याचं पोट करवतीने कापलं, पहिला आत चिकटवला आणि पोट पुन्हा बंद करून वरून रंग दिला. जोड कुठे दिसत नव्हता. ट्रेव्हरला नंतर समजावू, असं त्याने ठरवलं, आणि ते राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी हॉल भरला. जॅनिस नव्या कोटात आली होती आणि मॉरीनला हाताला धरून एकेक टेबल दाखवत होती. क्लाइव्हने आपला रणगाडा बक्षिसाच्या टेबलावर मांडला आणि मूळ रणगाडा आत असल्याची कथा दोघा-तिघांना ऐकवली. त्यांनी भुवया उंचावल्या, पण जॅनिसकडे पाहून गप्प बसले.

एवढ्यात ट्रेव्हर खुर्चीवर उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. प्रदर्शनातली सर्वांत जुनी वस्तू, १९८९ सालचा डबीचा रणगाडा, गॅरेजमधून नाहीसा झाल्याचं त्याला आता पेटी उघडल्यावर कळलं होतं. क्लबमध्ये चाळीस वर्षांत फासासुद्धा चोरीला गेला नव्हता, असंही त्याने सांगितलं. कोणी बाहेर जाऊ नये आणि सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उघडाव्यात, अशी त्याने विनंती केली. बिचाऱ्या म्हाताऱ्यांनी रंगाच्या बाटल्या, सँडविचं आणि रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर मांडल्या.

क्लाइव्हने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण समोर मॉरीन उभी होती, म्हणून तोही आपली पिशवी उघडून दाखवू लागला. पिशव्या संपल्यावर ट्रेव्हर टेबलं हलवून बघू लागला. बक्षिसाचं टेबल मोकळं करायला त्याने चौदा नंबर उचलला, आणि आत काहीतरी सुटून खुळखुळलं.

ट्रेव्हरने तो कानाशी धरून पुन्हा हलवला.

“क्लाइव्ह, यात काय आहे?”

“मूळ,” क्लाइव्ह एवढंच म्हणाला.

त्याचे कान लाल झाले होते. चोर म्हणून हात वर करायचे की बायकोला फसवल्याचं कबूल करायचं, हे त्याला ठरवता येईना, आणि दोन्ही एकच आहेत हे मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने जॅनिसकडे पाहिलं. जॅनिसने हातातला कप खाली ठेवला आणि पुढे आली.

“मंगळवारी चिकटवलंय,” ती ट्रेव्हरला म्हणाली. “स्वयंपाकघरात अजून वास येतोय. उघड ते.”

ट्रेव्हरने सुरी घातली. बुटांच्या खोक्याएवढ्या त्या देखण्या रणगाड्याचं पोट कडकन फाटलं आणि तळहातावर मावणारा एक हिरवा ठोकळा टेबलावर पडला.

“जॅनिस, मी तुला सांगणारच होतो,” क्लाइव्ह म्हणाला. “हे पाच झाले. चार ट्रेव्हरकडे असायचे. मी चुकलो गं.”

“पाच झाले ते मला माहीत आहे. पहिला मी एका हाताने उचलायचे, हा पुसताना दोन्ही हात लागतात. मी काय आंधळी आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

आता पहिल्यांदाच जॅनिस अडखळली. तिने मॉरीनकडे पाहिलं, मग ट्रेव्हरला तो डबीचा रणगाडा उलटा करायला सांगितलं. ट्रेव्हरने केला. तळाशी रंगाखालून प्लास्टिकमध्ये उठवलेलं एक फूल दिसत होतं, आणि फुलाखाली ‘खास स्त्रियांसाठी’ अशी अक्षरं.

क्लाइव्हने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “मी माझी डबी वापरली होती. निळी.”

“ती मी पुसताना पाडली, आणि वर पाय दिला. नव्वदच्या मार्चमध्ये,” जॅनिस म्हणाली. “चुरा झाला. लग्नाला दोन वर्षं झालेली, तू त्याला रोज हात लावून कामावर जायचास. मला रडूच फुटलं. मग माझी डबी रिकामी केली, झाकणं आणली, तुझाच रंग घेतला. दोन दुपारी लागल्या. तू घरी आलास, बघितलंस आणि म्हणालास, काय झकास जमलाय ना मला!”

हॉलमध्ये कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही, आणि मग सगळेच हसू लागले. क्लाइव्ह त्या फुलाकडे बघत राहिला. पस्तीस वर्षं तो ज्या पहिल्यावहिल्या रणगाड्याची कौतुकं सांगत आला होता, त्यातला खिळासुद्धा त्याचा नव्हता. त्याला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू, आणि हसता हसता डोळे भरून आले.

“म्हणजे आधी तो तू बदललास,” तो म्हणाला.

“एकदा. तू चारदा.”

मॉरीनने तो ठोकळा हातात घेऊन नीट न्याहाळला. “आमच्याकडे सात कॅरॅव्हॅन झाले,” ती म्हणाली, “पण मला एकही बनवता आला नाही.” जॅनिसला तिने आयुष्यात दिलेली ही पहिली दाद होती, आणि जॅनिसची मान जरा वरच गेली.

ट्रेव्हरने सेक्रेटरीला शोभेल अशा गांभीर्याने पेन काढलं. कार्डावरचं ‘एका सभासदाकडून’ खोडून त्याने जॅनिस हॅलम, १९९० असं लिहिलं आणि दीर्घ सेवेचा चषक तिच्या हातात दिला, कारण त्याहून जुना रणगाडा खरोखरच कोणाकडे नव्हता. क्लाइव्हने सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

सामान आवरताना तो बायकोजवळ आला. टेबलावर पाच रणगाडे होते, एकाचं पोट फाटलेलं.

“घरी कुठला न्यायचा?” त्याने विचारलं.

“माझा,” जॅनिस म्हणाली. “नियम माझाच आहे, मी मोडणार नाही. घरात एकच.”

क्लाइव्हने मान हलवली. त्याला ते मान्यच करावं लागणार होतं. तो बाकीचे ट्रेव्हरच्या पेटीत भरू लागला, तेवढ्यात जॅनिस वळली. खिडकीजवळच्या टेबलावर खेळण्यांच्या कारखान्याने त्याच महिन्यात काढलेला नवा रणगाडा मांडला होता, दोन बुरुजांचा, कुत्र्याएवढा. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

“माणशी एक म्हटलं, तर तुझा एक बाकी राहतो,” ती म्हणाली. “फक्त तो कपाटात मावणार नाही. मी मघाशीच टेपने मोजलाय.”