तिसऱ्या कापडाचा तपास

“मी गुरुदास. माझ्या नजरेसमोरून मुंगीसुद्धा नाव सांगितल्याशिवाय जात नाही. चोर मला बघूनच अर्धा कबूल होतो. उरलेला अर्धा मी कबूल करवतो.”

हा आवाज पायसने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो दुसरीत होता आणि आवाजाचा मालक पाचवीत. मास्तरांची छत्री हरवली होती. गुरुदासने एका दिवसात तीन चोर पकडले. तिघंही रडले, तिघांनीही कबूल केलं, आणि छत्री मास्तरांच्या सासुरवाडीला सापडली. त्या दिवसापासून खारवेळ गावाला डिटेक्टिव्ह मिळाला. मागितला कोणीच नव्हता.

पंचवीस वर्षं गेली. आवाज तोच राहिला, फक्त त्याला पोट आलं. पायस शिंपी झाला आणि शिवणयंत्र थांबवून गुरुदासभाईंच्या मागे टाचणवही घेऊन हिंडू लागला. निष्ठा वगैरे काही नव्हती. भाई दिवसभर त्याच्या दुकानातल्या एकुलत्या बाकावर बसत. ते तपासाला उठले, तरच गिऱ्हाइकाला टेकायला जागा होई.

एकोणीसशे एकोणसाठच्या मार्गशीर्षात खारवेळ नगरपालिकेचा नकाशा नाहीसा झाला.

नकाशा म्हणजे साधासुधा नव्हे. रत्नागिरीहून नगररचनेचे साहेब आले होते. महिनाभर साखळ्या ओढून त्यांनी गाव मोजला आणि तो तीन कापडांवर उतरवला. कापडं कडक, गुळगुळीत, आरपार दिसणारी. एकावर विहिरी, दुसऱ्यावर ओहोळ, तिसऱ्यावर घरं आणि धक्क्यापासून बाजारापर्यंतचा नवा रस्ता. तिन्ही एकावर एक ठेवून उजेडाला धरली की उद्याचं खारवेळ दिसे. नगराध्यक्षांनी डोळे बारीक करून त्यात स्वतःचं घर शोधलं, ते शाबूत आहे असं पाहिलं, आणि नगररचना ही उत्तम गोष्ट असल्याचं जाहीर केलं.

हरवलं ते तिसरं कापड.

“कापड?” पायसचा पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर थिजला. “भाई, कापडार नकाशो? तसला एक कापड माझ्याकडे—”

“गप रे पायस! सहाय्यकान लिवचा, बोलाचा नाय. लिही: यात पोर्तुगीजांचा हात आहे.” टिपणं लिहवून घेताना भाई शुद्ध मराठीत शिरत.

“पोर्तुगीजांका आमचो रस्तो कित्याक व्हयो?”

“लिही: सहाय्यक भोळा आहे.”

दोन दिवस भाईंनी पायसच्या मावशीवर, कार्मेलिनावर पाळत ठेवली. तिला पोर्तुगीजांच्या गोव्याहून पत्रं येत. पत्रात शेजारणीच्या डुकराची तब्येत असे. भाईंनी डुक्कर म्हणजे तोफखाना असा अर्थ लावला. डुक्कर बाळंत झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी नगराध्यक्षांना वाळूची पोती रचायला सांगितलं. नगराध्यक्षांनी रचली. त्या नगरपालिकेत कोणीही सांगेल ते रचलं जाई.

मग वेंगुर्ल्याच्या एका आंबेवाल्याचा संशय आला. तो ऐन थंडीत आंब्याबद्दल बोलत होता.

“भाई, त्या कापडाचा सांगतंय मी, माझ्याकडे म्हादू शिपाई—”

“पायस, दोरो ओव. तपास माका करू दी.”

आणि शनिवारी सकाळी भाई हौसाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले, मागे टाचणवही घेऊन पायस.

हौसाबाईचं घर एवढंसंच, पण पुढचं खळं, म्हणजे अंगण, पाहत राहावं असं. सकाळचं ऊन सगळ्या गावाआधी तिथे उतरायचं. चोपून चोपून गुळगुळीत केलेली, सारवलेली जमीन, आणि ती सारवता सारवता हौसाबाई गुणगुणायची:

सारयलां माझां खळां, वर चांदन्याची रास
माघात लेक जाता, मांडवाक फुलां-वास.

माघात तिच्या लेकीचं, आनंदीचं लग्न होतं. मांडव ह्याच खळ्यात पडायचा होता. आणि गावभर बोललं जात होतं, की नवा रस्ता ह्याच खळ्यातून जातो.

“हेतू सापडला!” भाई गरजले. “रस्ता खळ्यातून जातो, म्हणून हिने नकाशा चोरला!”

हौसाबाई शेणाच्या हातानेच उठली. “अरे झिला, नकाशो चोरून रस्तो थांबता? मगे मी वरसाचां पंचांग चोरलंय आसतंय, म्हातारपण तरी इलां नसतां!”

तेवढ्यात म्हादू शिपायाला घेऊन नगराध्यक्ष आणि साहेब आले. भाईंनी तीन ओळींत गुन्हा आणि तेवीस ओळींत स्वतःची हुशारी सांगितली. नगराध्यक्ष म्हणाले, पोलिसांना बोलावू, आणि खळंही आजच खणायला घेऊ. पदराला हात पुसत आनंदी दारात आली.

“माका न्हेवा खंय न्हेवचां तां,” हौसाबाईचा आवाज फाटला. “पण माझ्या चेडवाचो मांडव ह्या खळ्यात पडांदे.”

साहेब खाली बघत होते. “हेच ते खळं! बाई, माझ्या माणसांनी हे नकाशात दाखवलंच नव्हतं. मोकळी जागा समजून रस्ता नेला. पाहणीत चूक दिसली, म्हणून मी त्या कापडाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने स्वतः लिहिलं: खळं काढावं.”

“काढावां?” हौसाबाई मटकन खाली बसली.

“काढावंच!” नगराध्यक्ष म्हणाले. “म्हादू, कुदळ!”

“अहो, काढावं म्हणजे चित्र काढतात तसं!” साहेब ओरडले. “नकाशात खळं काढायचं आणि रस्ता त्याला वळसा घालून न्यायचा! हे न कळायला काय झालं?”

“टिंब नव्हतां, साहेब.”

सगळे वळले. पायसने टाचणवही मिटली होती.

“गप रे—” भाई म्हणाले.

“आठ दिस गपच आसंय. साहेब, म्हादू शिपायान नगरपालिकेचे पडदे शिवूक दिले, त्या बोचक्यात ह्या कापड इलां. कडक, खळ घातलेला. कोपऱ्यात लिवलेलां, ‘खळ काढाव’. टिंब नाय, काय नाय. शिंप्याक खळ काढ म्हटल्यार तो काय करतलो? मी खळ काढली. दोन पाण्यात. रस्तो पयल्याच पाण्यात गेलो.”

साहेब हसावं की रडावं अशा चेहऱ्याने खळ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी साखळी मागवली. “पुन्हा मोजतो. ह्या खळ्यापासूनच सुरुवात. बाई, उठा, मांडव केवढा घालणार ते दाखवा.” हौसाबाई उठली आणि आनंदीचा हात धरून कोपरा दाखवायला निघाली.

“पण ते धुतलेलं कापड कुठं आहे?” नगराध्यक्षांनी विचारलं. “दप्तरी जमा करावं लागेल.”

“त्याचो तपास मी लावतंय!” भाई पुढे सरसावले. “बोल पायस! खंय दडयलं?”

पायसने घसा खाकरला. “भाई, तुमी म्हणालात, पाळतीर घाम येता, आतली चड्डी एकदम तलम कापडाची शिव.”

“मगे?”

“मगे काय. चार दिस खारवेळचो नवो रस्तो तुमीच घालून फिरतास.”